पाच पूर्णांक अकरा शतांश

पंचवटीत खंडेराव निमसे या नावाने कुणी घर विचारले, तर मालेगाव स्टँडवरचे रिक्षावाले एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मग एखाद्याच्या लक्षात येई. "अरे, मीटर गुरुजी होय! सरळ जा, दत्ताच्या देवळापाशी डावीकडे." गुरुजींना हे नाव ठाऊक होते. ते त्यांना मनातून आवडतही होते, फक्त चारचौघांत तसे ते दाखवत नसत.

गंमत अशी, की हे मीटर गुरुजी लहानपणी शेर-मणाचे पहिलवान होते. नांदूरच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, एवढेच काय औटकीसुद्धा त्यांना मुखोद्गत होती. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. तो न अडखळता म्हणून दाखवल्याबद्दल तालुक्याच्या ठिकाणी त्यांना पितळी तांब्या बक्षीस मिळाला होता. साठ साली ते पंचवटीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागले आणि नेमके त्याच सुमारास दशमान पद्धतीचे फर्मान आले. नव्या मास्तरांना प्रशिक्षणाला बसवले. शिकवायला आलेले साहेब फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "आजवर जे पाठ केलंत ते सगळं विसरा. शेर गेला, गज गेला, मैल गेला. आता दहाच्या पटीत जगायचं."

बाकीच्या मास्तरांनी मान डोलावली, चहा प्यायला आणि घरी जाताना वाण्याकडून पावशेर साखर घेतली. खंडेरावांनी मात्र ते मनावर घेतले. ज्याने सगळ्यांत जास्त पाठ केले होते, त्यालाच सगळ्यांत जास्त विसरायचे होते. तंबाखू सोडलेल्या माणसाला जसा शेजारच्याच्या चंचीचा वास सहन होत नाही, तसे त्यांचे झाले. कुणी 'अर्धा मैल' म्हटले की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

शिकवायचे मात्र झकास. शाळेच्या जिन्याच्या पायऱ्यांवर त्यांनी स्वतः रंगाने नावे लिहिली होती. सगळ्यांत वर किलोमीटर, मग हेक्टोमीटर, डेकामीटर, मधल्या पायरीवर मीटर, खाली डेसिमीटर, सेंटिमीटर आणि अगदी तळाला मिलिमीटर. चौथीच्या पोराला मधल्या पायरीवर उभे करायचे आणि म्हणायचे, "तीन मीटरचे सेंटिमीटर कर!" पोरगे एकेक पायरी उडी मारत खाली येई आणि ओरडे, "तीस! तीनशे!" वर चढायचे असले की दर पायरीला दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरके. ज्या मुलांना पुढे आयुष्यात बाकी काही आठवले नाही, त्यांनाही हा जिना आठवत राहिला.

पण फूट आणि इंच हे शब्द त्यांच्या वर्गात उच्चारायचे नाहीत, असा दंडक होता. आता वर्गातल्या पोरांचे बाप कोण? सुतार, गवंडी, शिंपी, भाजी पिकवणारे. घरी सगळा कारभार फुटात, वारात आणि गुंठ्यात. त्यामुळे पोरांना घरी फूट समजे आणि शाळेत मीटर समजे, पण एकाचे दुसरे कसे करायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. एका तरुण शिक्षिकेने एकदा धीर करून विचारले, "गुरुजी, एका इंचाचे किती सेंटिमीटर तेवढं तरी सांगूया का मुलांना?"

"नको," गुरुजी म्हणाले. "पूल बांधला की तिकडचे इकडे येतात."

भाजीबाजारातही त्यांचा हा लढा चालूच असे. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार भरला, की नवसाबाईच्या पाटीपुढे ते उभे राहत. नवसाबाई मिरच्या, गवार, भेंडी विकायची.

"किती देऊ गुरुजी? पावशेर?"

"पावशेर म्हणजे दोनशे तेहेतीस ग्रॅम, नवसाबाई. मला अडीचशे ग्रॅम हवेत."

"अहो, माझं पावशेर त्येच हाय."

"मग ते पावशेर नाही. ते अडीचशे ग्रॅम आहे."

नवसाबाई मग वजन टाकून काटा अगदी बरोब्बर मध्यावर आणायची आणि एक मिरची जास्त झाली तर ती उचलून परत पाटीत टाकायची. पावशेर मागणाऱ्या बायकांना मात्र ती काटा जरा झुकतेच द्यायची आणि वर कोथिंबिरीच्या दोन काड्या. गुरुजींच्या बायकोने, चिमणाबाईने, हे दोन-चारदा पाहिले आणि पुढे ती बाजाराला एकटीच जाऊ लागली.

चिमणाबाई मखमलाबादच्या फुलशेती करणाऱ्या घरातली. तिचे माप मुठीत आणि चिमटीत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी गुरुजींनी तिला रेघा मारलेला काचेचा पेला आणून दिला होता, आमटीत पाणी किती घालायचे ते मोजायला. तिने तो पेला नाकारला नाही. त्याने ती तुळशीला पाणी घालायची.

असे सगळे सुखाने चालले होते. पंच्याण्णव साली त्यांच्या मुलीचे, गौतमीचे, लग्न करायचे ठरले आणि मग अडचण आली.

गौतमी तेवीस वर्षांची, बी.ए. झालेली, बालवाडीत शिकवायची. दिसायला नीटस, बोलायला थोडी धारदार. तिच्या माहितीचा कागद गुरुजींनी स्वतः टाइप करून आणला. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४९ किलोग्रॅम, घरापासून बालवाडीचे अंतर ०.८ किलोमीटर. शेवटच्या गोष्टीचा लग्नाशी काय संबंध, असे चिमणाबाईने विचारले, तेव्हा गुरुजी म्हणाले, "माहिती पूर्ण असावी."

कागद दहा ठिकाणी गेला. सटाण्याकडच्या एका कांदा व्यापाऱ्याने उलट निरोप धाडला, की मुलगी पसंत आहे, पण ते एकशे अठ्ठावन्न काय आहे ते कळले नाही, घर नंबर असेल तर गल्ली कुठली? आणखी एकांनी विचारले, मुलगी पाच फुटांच्या वर आहे की खाली एवढेच सांगा. गुरुजींनी त्यांना उत्तरच पाठवले नाही.

"अहो, पाच-दोन म्हणा की सरळ," चिमणाबाई कळवळून म्हणाली. "लोकांना समजायला नको का?"

"समजत नसेल तर शिकावं त्यांनी."

"पोरीचं लग्न करायचंय का लोकांना शाळेत घालायचंय?"

गुरुजींनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले.

शेवटी चिमणाबाईचा भाऊ फकिरा कामाला लागला. फकिरा मखमलाबादला झेंडू आणि शेवंती पिकवायचा. फुलबाजारात त्याची चार गावांच्या माणसांशी उठबस. एका रविवारी तो सायकलवरून आला तो खिशात एक छापील कार्ड घेऊनच.

"दाजी, लय भारी ठिकाण हाय," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "एकलहऱ्याचे राजोळे. पोरगा थर्मलला, विजेच्या कारखान्यात, इंजनेर. कॉलनीत क्वार्टर. घरची शेती हाय, मागं-पुढं काही झंझट नाय. मी पोरगं बघितलं नाय अजून, पर समदे चांगलं म्हणत्यात."

गुरुजींनी चष्मा लावला. कार्डावर नाव होते लहानू राजोळे, शिक्षण बी.ई., रंग निमगोरा, उंची ५.११ फूट.

फूट या शब्दापाशी त्यांची आठी उमटली. पण मुलीच्या भल्यासाठी त्यांनी ती गिळली आणि कागद-पेन्सिल घेतली. एका फुटाचे ३०.४८ सेंटिमीटर होतात, हे त्यांना अर्थातच माहीत होते. विसरायला सांगितलेले सगळे त्यांच्या डोक्यात होतेच, ते फक्त दार लावून बसले होते. त्यांनी गुणाकार मांडला. पाच पूर्णांक अकरा शतांश गुणिले तीस पूर्णांक अठ्ठेचाळीस शतांश. उत्तर आले १५५.७५.

"फकिराराव, मुलगा बुटका आहे," ते म्हणाले.

"आँ?"

"एकशे पंचावन्न पूर्णांक पंचाहत्तर सेंटिमीटर. गौतमी एकशे अठ्ठावन्न. सव्वादोन सेंटिमीटरनं मुलगी उंच होते."

"दाजी, पाच-अकरा हाय ते. पाच फूट न् अकरा इंच असंल."

"इंच कुठं लिहिलंय? बिंदू दिलाय. बिंदू म्हणजे दशांश चिन्ह. अडाणी माणसाचं कार्ड असतं तर मी मानलं असतं. पण मुलगा इंजिनिअर आहे. इंजिनिअर माणूस दशांश चिन्ह चुकीच्या जागी टाकेल का?"

इंजिनिअर काय करतो नि काय नाही, हे फकिराला कुठे माहीत होते? "पर लोक म्हणत्यात, पोरगं उंचपुरं हाय," तो कसाबसा म्हणाला.

"'म्हणतात' हे माप नाही, फकिराराव. आणि नाव बघा की. लहानू."

त्या दिवशी जेवताना गौतमीने विचारले, "अण्णा, मामानं आणलेल्या मुलाचं शिक्षण काय?"

"बी.ई."

"नोकरी?"

"पक्की."

"मग नकार कशाला?"

"उंची बसत नाही."

गौतमी म्हणाली, "मला एकदा विचारायचं तरी."

"त्यात विचारण्यासारखं काय? आकडा तो आकडा."

ती भात अर्धा टाकून उठली. चिमणाबाई नवऱ्याकडे अशा नजरेने बघत होती, की त्या नजरेला कुठल्याच पद्धतीत माप नव्हते.

गुरुजींनी राजोळ्यांना रीतसर पत्र लिहिले. आपले स्थळ सर्व दृष्टींनी उत्तम आहे, परंतु चिरंजीवांची उंची मुलीपेक्षा २.२५ सेंटिमीटरने कमी पडत असल्याने योग जुळत नाही, क्षमस्व. खाली सही आणि त्याखाली, माहिती पूर्ण असावी म्हणून, गुणाकार.

चार-पाच दिवसांनी दुपारच्या वेळी गुरुजी वर्गात होते. पावसाळी ढग आले होते, म्हणून जिन्यावरचा खेळ बंद ठेवून ते मुलांची उंची मोजत होते. भिंतीवर त्यांनी मोठी मोजपट्टी रंगवली होती. दरवर्षी प्रत्येक मुलाला तिच्यापुढे उभे करायचे आणि आकडा वहीत मांडायचा. तेवढ्यात दारात एक माणूस आला. आत येताना त्याने चौकटीखाली डोके जरा वाकवले. अंगावर निळसर शर्ट, खिशाला वीज मंडळाचा बिल्ला.

शाळेतला विजेचा मीटर महिनाभर बिघडलेला होता. गुरुजी म्हणाले, "आलात का एकदाचे? मीटर बाहेर व्हरांड्यात आहे."

"मी मीटर गुरुजींना भेटायला आलोय," तो माणूस हसून म्हणाला.

मुले खुसखुसली. गुरुजींनी डोळे वटारले. "काय काम आहे?"

"उंची मोजून हवी होती. सेंटिमीटरमध्ये."

गुरुजी एकदम खुलले. पस्तीस वर्षांत एकाही मोठ्या माणसाने आपण होऊन त्यांच्याकडे असे काही मागितले नव्हते. "बघा मुलांनो," ते म्हणाले, "याला म्हणतात शिकलेला माणूस! या, या. चपला काढा. टाचा भिंतीला लावा. नजर समोर."

माणूस पट्टीपुढे उभा राहिला. गुरुजींचा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचेना. त्यांनी स्टूल ओढले, त्यावर चढले, डोक्यावर गुण्या ठेवला आणि वाकून आकडा वाचला. "एकशे ऐंशी सेंटिमीटर, वर तीन मिलिमीटर. उत्तम! नाव सांगा, वहीत लिहितो."

"लहानू राजोळे. एकलहरे."

गुरुजी स्टुलावरच थांबले. त्यांनी एकदा पट्टीकडे पाहिले, एकदा त्या माणसाच्या डोक्याकडे. मग पुन्हा पट्टीकडे, जणू काही तिनेच फितुरी केली होती.

लहानूने खिशातून पत्र काढले. "हे परवा आलं. आईनं डोळ्याला पदर लावला. वडील म्हणाले, हा मास्तर चक्रम दिसतो. मी म्हटलं थांबा, आधी गणित बघू. मी दोनदा करून बघितलं गुरुजी. एका शतांशाचीही चूक नाही."

"मग?"

"मग चूक आहे कुठं, ते बघायला आलो."

"चूक तुमच्या कार्डात आहे," गुरुजी स्टुलावरून म्हणाले. खाली उतरावे हे त्यांच्या लक्षातच आले नाही. "तुम्ही बिंदू दिलाय. बिंदूला अर्थ असतो. इंजिनिअर आहात ना?"

"आहे. कार्ड वडिलांनी छापून आणलं, पण मी ते वाचलं होतं आणि मला काहीच खटकलं नाही. बॉयलरवर असलो की मी दशांश वाचतो. घरी आलो की पाच-अकरा. सगळा देश असंच लिहितो गुरुजी."

"सगळा देश चुकतो."

"चुकतो," लहानूने कबूल केले. "पण त्याची लग्नं होतात."

मुलांना भांडण कशाचे आहे ते कळत नव्हते, पण ते रंगात आले आहे एवढे कळत होते. पहिल्या बाकावर गुलजारबी नावाची मुलगी बसायची. तिचे वडील भद्रकालीत सुतारकाम करायचे. तिने हात वर केला.

"गुरुजी, पाच-अकरा म्हणजे काय?"

"काही नाही. बस खाली."

"माझे अब्बा म्हणतात दरवाजा साडेसहा फूट. मग ह्या काकांना आमच्या दरवाजातून वाकावं लागेल का?"

लहानूने गुरुजींकडे पाहिले. "सांगा की गुरुजी. मुलगी विचारतेय."

गुरुजी स्टुलावरून उतरले. क्षणभर त्यांच्या मनात आले, की वर्ग सोडून द्यावा, घंटा व्हायला तसा थोडाच अवधी आहे. पण चाळीस डोकी त्यांच्याकडे बघत होती आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता वर्गाबाहेर पडण्याची सवय त्यांना नव्हती. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिले:

१ फूट = १२ इंच
१ इंच = २.५४ सेंटिमीटर

खडूचा आवाज त्यांना नेहमीपेक्षा कर्कश वाटला. मग एकदा पाणी वाहू लागल्यावर ते थांबेना. पाच फुटांचे इंच किती? साठ. त्यात अकरा मिळवा. एकाहत्तर. आता एकाहत्तर गुणिले दोन पूर्णांक चोपन्न शतांश. मुलांनी पाट्या काढल्या. गुलजारबीचे उत्तर सगळ्यांच्या आधी आले. एकशे ऐंशी पूर्णांक चौतीस शतांश. तिने ते मोठ्याने वाचले, भिंतीवरच्या पट्टीकडे पाहिले आणि किंचाळली, "जुळलं!"

सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. मग कुणाच्या घराचे दार किती सेंटिमीटर, कुणाच्या आईचे पातळ किती मीटर, कुणाच्या बैलगाडीच्या चाकाची धाव किती, असा गलका सुरू झाला. जिन्यावर उड्या मारताना मुले खूश व्हायची, पण असा कल्लोळ गुरुजींनी कधी ऐकला नव्हता. त्यांना बरे वाटले आणि बरे वाटले म्हणून वाईटही वाटले.

त्यांनी लहानूची माफी मागितली नाही. हात झटकून म्हणाले, "चहा घेणार?"

लहानूने ती माफी म्हणून घेतली.

पुढच्या रविवारी राजोळे मंडळी मुलगी बघायला आली. लहानूची आई सुरुवातीला ताठच होती. पोह्यांची बशी तिने हातात घेतली, पण चमचा उचलला नाही. लहानूचे वडील मिशीत हसत म्हणाले, "गुरुजी, आता मुलीची उंची आम्ही मोजून घेऊ का? टेप आणलाय." फकिरा एवढ्या जोरात हसला, की त्याला ठसका लागला. चिमणाबाईने विहिणीला आत स्वयंपाकघरात नेले. तिथे दोघींत काय बोलणे झाले कुणास ठाऊक, पण बाहेर येताना दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. नवरे कसे सांभाळावे लागतात, यावर दोन अनुभवी बायकांचे एकमत झाल्यासारखा.

गच्चीवर गौतमी आणि लहानूला बोलायला सोडले.

"तुम्ही अण्णांना वर्गात मुलांसमोर उघडं पाडलंत," गौतमी म्हणाली.

"मी त्यांचं गणित बरोबर आहे असं म्हणालो."

"तुम्ही मोजून घ्यायला गेलात की भांडायला?"

लहानूने थोडा विचार केला. "गेलो भांडायलाच होतो. रस्त्यात द्वारका चौकापाशी हसायला आलं."

गौतमीलाही हसू आले, पण तिने ते दाबले. "एक सांगते. आधी नकार दिला तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आता होकार देतानाही तेच चाललंय. खाली बसून सगळे तारखा काढताहेत."

"मग मी विचारतो. चालेल का तुम्हाला?"

"आठवडाभरानं सांगते."

तिने महिना लावला. त्या महिन्यात गुरुजींनी दोनदा तिच्या खोलीपर्यंत जाऊन परत फिरण्याचा पराक्रम केला. तिसऱ्यांदा मात्र ते आत गेले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तुझं काय मत आहे, ते मला... म्हणजे, घाई नाही." गौतमीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने होकार कळवला. एकलहऱ्याला, थेट लहानूला, पोस्टकार्डावर. बापाला नंतर.

लग्न थाटात झाले. सोनाराच्या दुकानात तोळा दहा ग्रॅमचा की अकरा पूर्णांक सहासष्ट शतांश ग्रॅमचा, यावरून गुरुजींनी थोडा वाद घातला, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

शाळेत मात्र वेगळेच घडले. गुलजारबीच्या वर्गाची ही गोष्ट बाकीच्या मुलांनी ऐकली होती. पुढच्या जूनमध्ये नवे चौथीचे वर्ग बसले आणि पहिल्याच आठवड्यात पोरांनी मागणी केली, "गुरुजी, ते पाच-अकरावालं शिकवा." गुरुजींनी आढेवेढे घेतले. शेवटी दशमान पद्धती झाल्यावर त्यांनी एक धडा आपल्याच मनाने जोडला आणि त्याला नाव दिले 'परकी मापे'. चोराचे वर्णन जसे पोलीस चौकीत लावतात, ओळखता यावा म्हणून, तसा हा धडा आहे, असे ते सहकाऱ्यांना सांगत. पण शिकवताना रंगून जात. वीत, हात, वार, फूट. कोळशाचा मण, दुधाचा शेर. एकदा तर त्यांनी औटकी म्हणून दाखवली. थेट साडेतीन दाहे पस्तीसपर्यंत. आवाज थोडा कापला, पण एकही आकडा चुकला नाही.

नेमक्या त्याच वर्षी तपासणीला एक तरुण साहेब आले. ते मागच्या बाकावर बसले. पुढे मीटर गुरुजी स्वतःच्या हाताने वीत मोजून दाखवत होते आणि सगळा वर्ग बाकांवर विती टाकत होता. साहेबांनी शेरा लिहिला: 'शिक्षक अनुभवी आहेत, परंतु दशमान पद्धतीच्या प्रसाराबाबत उदासीन दिसतात. कालबाह्य मापांवर वेळ घालवू नये.'

गुरुजींनी तो शेरा उभ्याने वाचला. मग बसून वाचला. संध्याकाळी जावई घरी आला होता, त्याला सांगितला. लहानूला इतके हसू लोटले, की चहाचा कप खाली ठेवावा लागला.

"हसताय काय? छत्तीस वर्षं झाली," गुरुजी म्हणाले. "छत्तीस वर्षं मी या दशमानासाठी लोकांशी वैर घेतलं."

"मग साहेबांना तसं सांगितलं का नाही?"

"सांगितलं. ते म्हणाले, मग फळ्यावर इंच कसा?"

चिमणाबाई आतून म्हणाली, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, जावईच फूट-इंचात मिळाला."

खरे तर ते तसे काही म्हणाले नव्हते. पण हे वाक्य त्यांना घरी येताना सुचले होते, आणि ते वाया घालवणे त्यांच्या जिवावर आले होते.

अठ्ठ्याण्णव साली ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापकांनी भाषण केले. ते म्हणाले, "निमसे गुरुजींनी ही शाळा इंचाइंचानं पुढं नेली." समोर बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांत खसखस पिकली. गुरुजी शाल सावरत हसले. मनातल्या मनात त्यांनी इंचाचे सेंटिमीटर करून बघितले की नाही, हे कळायला मार्ग नाही.

पुढे गौतमी आणि लहानूने गंगापूर रोडला घर घेतले आणि म्हाताऱ्यांना जवळच्याच इमारतीत आणले. गौतमीची मुलगी सृष्टी तिथल्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली. दोन हजार सहा साली ती तिसरीत होती. एका संध्याकाळी ती आजोबांपुढे गृहपाठ घेऊन बसली आणि गुरुजींनी चष्मा लावून पाहिले, तर पुस्तकात रंगीत चित्रांसह फूट, इंच, पाउंड आणि गॅलन हसत उभे होते. ज्यांना त्यांनी आयुष्यभर वर्गाच्या दाराबाहेर ठेवले, ते नातीच्या दप्तरातून, चांगल्या गुळगुळीत कागदावर, घरात आले होते.

"आजोबा, आठ इंचाचे सेंटिमीटर किती?"

"वीस पूर्णांक बत्तीस शतांश," ते ताबडतोब म्हणाले. सृष्टीने तसे लिहिले.

दुसऱ्या दिवशी वही घरी आली ती लाल फुलीसकट. शाळेच्या पुस्तकात एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर असे दिले होते, म्हणून उत्तर वीस हवे होते. सृष्टी रडवेली झाली होती. "आजोबा, मिस म्हणाल्या, घरच्यांना विचारू नका, बुकात बघा."

गौतमी म्हणाली, "अण्णा, जाऊ द्या. तिसरीचं पुस्तक आहे."

"आठ इंचात बत्तीस शतांश जातात. शंभर इंचात चार सेंटिमीटर," गुरुजी म्हणाले. "जाऊ कसं देऊ?"

सकाळी ते धुतलेले धोतर नेसून, टोपी घालून निघाले. चिमणाबाईने गॅलरीतून हाक मारली, "अहो, छत्री!" त्यांनी हात हलवला, पण थांबले नाहीत. नाक्यावर नेहमीच्या नईमची रिक्षा उभी होती. गुरुजींनी शाळेचे नाव सांगितले. ती शाळा त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"किती अंतर आहे?" त्यांनी विचारले.

"हे काय चाचा, दहा मिनिटांवर," नईम म्हणाला.

गुरुजींनी दुरुस्त करायला तोंड उघडले. मग ते तसेच मिटले, धोतर सावरले आणि रिक्षात बसले.